आधी ओरडा, जोशात

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलंय, तात्यासाहेबांनी बजावलंय, आणि पुण्याच्या पाहुण्यांना तर मुळीच नाही असं दोघांनी मिळून पुन्हा वेगळं बजावलंय, आणि तुम्ही नेमके पुण्याचे, आणि नेमके समारंभाच्या वेळेच्या आधी आलात, आणि पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्यापाशी उभी कोण, तर मी. का, तर ‘ईशानी बोलत नाही, तिलाच ठेवा पाहुण्यांजवळ.’ म्हणजे गप्प बसणाऱ्या माणसाची किंमत बघा, कुंडीसारखं उचलून कुठेही नेऊन ठेवता येतं. पण तुम्ही मघाशी दारावरची संगमरवरी पाटी वाचलीत, ‘मातुश्री दुर्गाबा ओरडो’, आणि एकमेकांकडे बघून हसलात, ते मी पाहिलं. मी बोलत नाही, पण मला दिसतं सगळं. आता हसलातच आहात तर नीट कळून हसा, नाहीतर पुण्याला जाऊन सांगाल की बडोद्याच्या मराठी शाळेत कुणा दुर्गाबाईंनी ओरडावं म्हणून दगडात प्रार्थना कोरलीय.

तर तुम्हाला सांगते, तुम्ही बसला आहात ना, ही खोली म्हणजे दहावीचा वर्ग. आता छान पांढरी दिसते. गेल्या वर्षी इथे छताचे पोपडे भूमितीच्या वहीत पडायचे, वरून सळया डोकवायच्या, आणि प्रमेय अर्ध्यावर असताना सर म्हणायचे, ‘तिसऱ्या बाकानं जरा डावीकडे सरका.’ मग तपासणीचे साहेब आले. त्यांनी उंबऱ्यातून वर बघितलं, टाकलेलं पाऊल मागे घेतलं, आणि लिहून गेले की ही खोली बंद करा आणि जूनपर्यंत धड खोली नसेल तर दहावीच बंद करा. दुसरी खोली कुठून आणायची? सातवी आणि आठवी आधीच एका खोलीत पाठीला पाठ लावून बसतात, सातवीच्या कविता आठवीला पाठ आहेत. म्हणजे आम्ही नववीतले सगळे ऐन दहावीला जाणार लांब समा भागातल्या कुठल्या तरी शाळेत, गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात.

मुग्धा म्हणाली, ‘तुला काय फरक पडतो, तू तिथेही गप्पच बसणार.’ मुग्धा माझी मैत्रीण आहे म्हणून असं बोलते, नसती तर याहून वाईट बोलली असती. पण तुम्हीच सांगा, मराठीत गप्प बसणं आणि दुसऱ्या भाषेत गप्प बसणं एक आहे का? मराठीत मी गप्प असते तेव्हा डोक्यात पूर्ण वाक्यं असतात, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. गुजराती येते मला, अगदी फाडफाड येते, पण ती खंडेराव मार्केटात भाव करण्यापुरती, इतिहासाचं दहा ओळींचं उत्तर लिहिण्यापुरती नाही. तिकडे गेले असते तर मी डोक्यातसुद्धा गप्प झाले असते. मला हीच शाळा हवी होती आणि हीच खोली हवी होती. पण मला विचारतंय कोण?

मग सुरू झाला दात्यांचा शोध. तुम्हाला वाटतं देणारे मिळत नाहीत? देणारे ढिगानं मिळतात, फक्त छत कुणी देत नाही. एका कंपनीनं हात धुवायचे साबण दिले, एका मंडळानं कचऱ्याचे डबे दिले, हसरं तोंड रंगवलेले, एक दोन नाही, एवढे की आमच्या शाळेत मुलं कमी आणि हसरे डबे जास्त. एका ट्रस्टचा माणूस म्हणाला, ‘आम्ही टॅब देतो, छत देत नाही.’ बाईंनी विचारलं, ‘टॅब ठेवायचे कुठे?’ तर म्हणाला, ‘वर्गात.’ आणखी एक बाई फोटो काढायला आल्या, मला म्हणाल्या, ‘बेटा, जरा कमी नीटनेटकी दिसशील का?’ मी आदल्या रात्री स्वतः इस्त्री केलेला गणवेश, तो कमी नीटनेटका कसा करायचा? आणि छत न देण्याचं खरं कारण सलील सरांनी शोधून काढलं, सलील सर म्हणजे आमचे गणिताचे, नाशिकचे, नवीनच आलेले. ते म्हणाले, ‘बाई, पंख्यावर नाव घालता येतं, बाकावर घालता येतं, छतावर नाव घातलं तर वाचणार कोण? पाल?’

आणि देणारे असे, तर मागणारे कसे, तेही ऐका. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांचे पणजोबा संस्थानात अंमलदार होते, आजोबा होते, वडील ग्रंथ लिहीत होते, आणि या सगळ्यांनी मिळून एकच नियम केलेला, मागायचं नाही, सुचवायचं. आमच्याकडची सगळीच माणसं तशी. आमची आई शेजारी साखर आणायला जाते ना, तर ‘सहज डोकावले’ म्हणून अर्धा तास बसते, त्यांच्या सुनेची चौकशी करते, आणि साखरेशिवाय परत येते. वर म्हणते, ‘त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.’

तर वाघोडियाला एक गुणवंतभाई सेठ आहेत, पाण्याच्या टाक्या बनवतात, काळ्या, गोल, तुमच्याही गच्चीवर असेल त्यांची एखादी. ते शाळांना मदत करतात असं कळलं. म्हणून तात्यासाहेब, बाई आणि मी असे गेलो. मी का, तर मानपत्र माझ्या हातचं होतं, माझं अक्षर चांगलं आहे. हो, मानपत्र. त्यांनी काही द्यायच्या आधीच आम्ही त्यांना मानपत्र दिलं, सुचवायचं म्हणून. मग तात्यासाहेब बोलायला लागले. संस्थानातलं शिक्षण, ग्रंथालयं, संगीत, चित्रकला, सगळं सांगितलं, चहा आला, गेला, पुन्हा आला, सेठच्या मागे मशीन धाडधाड चाललेलं, आणि शेवटी ते बिचारे हात जोडून म्हणाले, ‘तो साहेब, हुं शुं करी शकुं?’ मी काय करू शकतो, असं सरळ विचारलं हो माणसानं. दार सताड उघडं टाकलं. आणि तात्यासाहेब काय म्हणाले? म्हणाले, ‘छे छे, काही नाही. आपला लोभ असावा.’ आणि उठले. रिक्षात बसल्यावर हातरुमालानं कपाळ पुसत म्हणाले, ‘सुचवलंय. आता उमजेल त्यांना.’ बाई खिडकी नसलेल्या रिक्षाच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी म्हटलं असतं, तात्यासाहेब, आपण छत हा शब्दच उच्चारला नाही. पण मला विचारतंय कोण?

पण तुम्हाला सांगते, त्या सेठना खरंच काहीतरी उमजलं. थोड्या दिवसांनी त्यांच्या मॅनेजरचा, रणवीरभाईंचा फोन आला. बाई बाहेर गेल्या होत्या, फोन घेतला सलील सरांनी, आणि ऑफिसातल्या त्या फोनचा आवाज कानाशी येत नाही, स्पीकरवरच टाकावा लागतो, आणि मी खडू न्यायला आलेली, म्हणून मी माझ्या कानांनी ऐकलं. रणवीरभाई म्हणाले, ‘सेठ आवशे. पहेलां ओरडा जोशे. पछी बीजी वात.’

आता तुम्ही पुण्याचे, म्हणून फोड करून सांगते. गुजरातीत ओरडो म्हणजे खोली. एक ओरडो, अनेक ओरडा. आणि जोशे म्हणजे बघतील. सेठ येतील, आधी खोल्या बघतील, मग पुढचं बोलू. सरळ वाक्य आहे. पण सलील सरांना गुजराती येत नाही, आणि येत नाही हे त्यांना माहीत नाही, कारण इथे आल्यावर त्यांनी ‘केम छो’ आणि ‘मजामां’ पाठ केलंय आणि बाकीची भाषा याच्या मधे कुठेतरी असणार असा त्यांचा समज आहे. त्यांनी फोन ठेवला. दोन मिनिटं विचार केला. आणि म्हणाले, ‘पहिलं म्हणजे ओरडा... जोशात. वा.’

मी म्हटलं, ‘सर, ओरडा म्हणजे—’

‘ओरडा म्हणजे ओरडा, ईशानी. मला माहीत आहे, तुला जड जाणार. म्हणून तुलाच पहिल्या रांगेत उभं करतो. भीती जाईल.’

बाई परत आल्या तर त्यांना बातमी मराठीतच मिळाली, सेठ म्हणतात मुलांनी आधी ओरडावं, जोशात. बाई म्हणाल्या, ‘ओरडावं? कशासाठी?’ सर म्हणाले, ‘बाई, हल्ली दात्यांना मुलांचा उत्साह मोजायचा असतो.’ आणि ज्या अध्यक्षांनी हे थांबवायचं, त्या तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ‘ललकारी. टाक्या विकणारा माणूस, पण त्याला ललकारीची रीत ठाऊक आहे. स्वारी आली की आधी ललकारी, मग मुजरा, मग कामकाज.’ आणि रात्रभर जागून त्यांनी ललकारी रचली. ‘जलकुंभनिर्माते, विद्यापोषक, श्रीमंत गुणवंतभाई सेठ पधारत आहेत होऽऽ.’ शेवटचा ‘हो’ छातीतून.

मी तात्यासाहेबांकडे गेले. माझ्यासारखी मुलगी आपणहून कुणाकडे जाते म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, मी दुकानात सुटे पैसे परत घ्यायचे राहिले तर ते सोडून येते. पण गेले. म्हटलं, ‘तात्यासाहेब, गुजरातीत ओरडो म्हणजे खोली.’ ते हसले. म्हणाले, ‘बाळ, खोलीला गुजरातीत खंड म्हणतात. आम्ही कागदोपत्री गुजराती वाचलेली माणसं. ओरडो वगैरे बाजारातलं असेल.’ आता सेठ बाजारातलेच आहेत, टाक्या काय ग्रंथालयात विकतात का? हे मनात म्हटलं. मुग्धाला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मला माहितेय. तू गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा शाळेत ओरडायची परवानगी मिळालीय, ती घालवू नको.’ म्हणजे ज्यांना कळत नाही ते ऐकत नाहीत, आणि ज्यांना कळतं त्यांना मजा हवी. मग मला विचारतंय कोण?

आठवडाभर शाळेत गणित नाही, भूगोल नाही, नुसता ‘होऽऽ’. खालच्या बोहरी दुकानदारानं वर येऊन विचारलं, ‘बेन, कंई थयुं छे?’ काही झालंय का? बाईंनी त्याला सांगितलं, ‘सराव आहे.’ आणि दुसरीकडे तात्यासाहेबांचा आपला वेगळाच सराव. घरून गालिचा आणला, चांदीची गुलाबदाणी आणली, सभागृहात मांडली, आणि ही खोली, जिच्यासाठी हे सगळं, हिला कुलूप घातलं, वर मखमली पडदा सोडला, पुढे कुंड्या ठेवल्या. का, तर पाहुण्यांना फाटकं दाखवायचं नाही. सांगा आता. छत मागायचं आणि गळकं छत लपवायचं. डॉक्टरकडे जाताना कुणी दुखरा दात घरी ठेवून जातं का?

सेठ आले. पांढरा बुशकोट, पायात साध्या चपला, बरोबर रणवीरभाई. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि सरांनी हात वर केला आणि सगळी शाळा गरजली. सेठनी छातीला हात लावला. मागचे रणवीरभाई दोन पायऱ्या खाली गेले. मग गालिचा, गुलाबपाणी, तात्यासाहेबांचं प्रास्ताविक, संस्थान, ग्रंथालय, चित्रकला... सेठनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चांदी बघितली, पडद्याची मखमल बोटांनी चाचपली, आणि म्हणाले, ‘तमारे तो बधुं सरस छे. आमां मारे शुं आपवानुं?’ तुमच्याकडे सगळं छानच आहे, यात मी काय देऊ? तात्यासाहेब कृतार्थ हसले. मी बघत होते, बाईंनी डोळे मिटले.

मग सेठना आठवलं. त्यांनी विचारलं, ‘अने ओरडा?’

सरांनी हात वर केला. सगळी शाळा: ‘होऽऽ.’

सेठ दचकले. जरा मोठ्यानं म्हणाले, ‘ना ना, ओरडा... ओरडा क्यां छे?’

सर आम्हाला म्हणाले, ‘ऐकू येत नाहीये त्यांना, अजून जोशात.’ आणि पुन्हा सगळी शाळा. खिडकीवरची कबुतरं उडाली. सेठनी रणवीरभाईंकडे बघितलं, रणवीरभाईंनी घड्याळाकडे, आणि सेठ उठले, दाराशी जाऊन पायानं चपला शोधायला लागले.

तुम्हाला सांगते, तो चपला शोधणारा पाय मला अजून दिसतो. तो पाय चपलेत गेला की माझी दहावी समाकडे गेली. मला पहिल्या रांगेत उभं केलं होतं पण मी ओरडत नव्हते, मी नुसतं तोंड उघडत होते, प्रार्थनेलाही मी तसंच करते. ओरडून ओरडून सगळ्यांचे घसे बसलेले, त्यामुळे मी जे बोलले ना, ते आमच्या शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्यांत मोठं ऐकू गेलं. मी म्हटलं, ‘काका, ओरडो आ बाजु छे.’

आणि रांग सोडली. कुंड्या सरकवल्या, पडदा ओढला, तो वरून सुटून माझ्या डोक्यावर पडला, तो झटकला, कुलूप नुसतं अडकवलेलं असतं ते काढलं, आणि दार उघडलं. मागून तात्यासाहेब म्हणाले, ‘ईशानी.’ नुसतं ‘ईशानी’, पण त्यात पणजोबांपर्यंत सगळे होते. मी मागे बघितलं नाही. आज सांगते, मुद्दाम नाही बघितलं.

आत काय, तर काळं छत, सळया, ओल, आणि जिथे जिथे गळतं तिथे तिथे खाली मांडलेले हसरे डबे, सगळे दाराकडे तोंड करून हसणारे. सेठ उंबऱ्यात थांबले नाहीत, आत आले. वर बघितलं. डब्यांकडे बघितलं. म्हणाले, ‘शुं जोईए छे, बेटा?’

काय हवंय, असं पुन्हा सरळच विचारलं. बाई तात्यासाहेबांकडे बघतायत, तात्यासाहेब छताकडे, सगळ्यांना वाटतंय कुणीतरी सुचवेल. मी म्हटलं, ‘छत जोईए छे. टॅब नही, डबा नही, छत. एना पैसा जोईए छे.’

पैसे म्हणाले मी. तोंडानं. तात्यासाहेबांनी खांबाला धरलं. आणि तेवढ्यात सरांनी मुग्धाला विचारलं, ‘ओरडो म्हणजे?’ ‘खोली, सर.’ ‘मग तू आधी का नाही बोललीस?’ ‘तुम्ही ओरडायला सांगितलंत, बोलायला नाही.’

सेठ हसले नाहीत. तात्यासाहेबांना म्हणाले, ‘आटलुं ज कहेवुं हतुं? तो कारखाने आव्या त्यारे केम न कह्युं?’ एवढंच होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंत? आणि तात्यासाहेब, इतके बारीक आवाजात की तो आवाज मी ओळखला, माझाच आवाज तो, म्हणाले, ‘सुचवलं होतं.’

तर छत झालं. नाव छतावर नको, दारावर चालेल म्हणाले सेठ, त्यांच्या आईचं. त्यांची बा कधी शाळेत गेली नव्हती, म्हणून तिच्या नावाचा ओरडो. तात्यासाहेबांनी ‘दालन’ सुचवलं, ‘वर्गकक्ष’ सुचवलं, शेवटी धीर करून सांगितलं की शेठजी, हे मराठीत लिहिलं तर मातुश्री ओरडोत असा अर्थ होतो. तेव्हा मात्र सेठ हसले, डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, ‘बा आखी जिंदगी कंई बोली नहीं. भले हवे ओरडे.’ बा जन्मभर काही बोलली नाही, आता भले ओरडो. म्हणून ती पाटी. आता हसा खुशाल.

पण वार्षिक अहवालात वाचाल तर असं छापलंय, ‘अध्यक्षांच्या ओघवत्या प्रास्ताविकाने दाते प्रभावित झाले.’ मी काही म्हणत नाही. म्हणू नकोच असं सांगितलंय. आणि एकदा वाटलं होतं, झालं, आता मी परत गप्प, डोक्यात पूर्ण वाक्यं, वर पांढरं छत, आणखी काय हवं माणसाला? पण नाही. माणसानं एकदा मागून दाखवलं ना, की त्याला कुणी सोडत नाही. आता मला सगळे विचारतात. आई साखर आणायला मला पाठवते. सर म्हणतात, ‘प्रयोगशाळेचं तेवढं बघ.’ आणि तात्यासाहेब, ते स्वतः अजून नुसतं सुचवतात, सेठ लोकांना संस्थान सांगतात, ग्रंथालय सांगतात, आणि चहाचा दुसरा कप आला की माझ्याकडे बघून खोकतात. खोकले की मी मागायचं. नववीपर्यंत कुणाशी धड बोलले नाही ती मी आता दर शनिवारी कुणा ना कुणाच्या सोफ्यावर बसून कंपासपेटीपासून नळापर्यंत मागत असते. माझा स्वभाव आहे की नाही काही? मला लाज वाटते, पण छाती ठोकून सांगते, आज हा समारंभ संपला की मी तात्यासाहेबांच्या समोर उभी राहणार आहे आणि न सुचवता, सरळ, स्पष्ट शब्दांत सांगणार आहे की यापुढे मी कुणाच्याही दारात मागायला—

खोकले, ऐकलंत? आले, तात्यासाहेब. कोण आलेत, बाकांवाले की नळवाले?